पिवळं कार्ड आणि करंगळीचे चार टक्के

केनियाच्या टूरला निघालेल्या माणसाला विचारा, पिवळा ताप म्हणजे नेमकं काय होतं? तो म्हणेल, "कावीळच असणार. पिवळा म्हणतात म्हणजे." मग विचारा, पिवळं कार्ड कुठाय? की त्याचा हात ताबडतोब छातीशी जातो. मूळ कार्ड पासपोर्टच्या कव्हरात, एक झेरॉक्स हँडबॅगेत, दुसरी बायकोच्या पर्समध्ये, फोटो मोबाइलमध्ये आणि तोच फोटो खबरदारी म्हणून बंगळुरूच्या मुलाला पाठवलेला. ताप आला तर तिथलं तिथे बघता येईल. कार्ड हरवलं तर मेलोच!

ही भीती अगदीच उगाच नाही. पिवळ्या तापाचा विषाणू आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत आढळतो, आपल्याकडे नाही. पण तो पसरवणारा एडीस इजिप्ती नावाचा डास आपल्याकडे मुबलक आहे. डेंग्यू वाटत फिरतो तोच हा. उद्या एखादा प्रवासी विषाणू घेऊन उतरला आणि त्याला इथला डास चावला, तर पुढचं सगळं आपोआप होईल. म्हणून भारत सरकारचा नियम असा की, त्या देशांतून आलात आणि लशीचं कार्ड नसेल, तर सहा दिवसांपर्यंत तुम्हाला वेगळं ठेवणार. गंमत पुढेच आहे. भारतातून थेट येणाऱ्या प्रवाशाकडे केनिया नियमाने हे कार्ड मागत नाही. मागतो तो आपलाच देश, परत येताना. थोडक्यात, सिंह बघायला जायला लस लागत नाही. डोंबिवलीला परत यायला लागते.

आमच्या टूर मॅनेजरने हे पहिल्याच मीटिंगला सांगितलं. "लस घेतल्यावर १० दिवसांनी कार्ड लागू होतं, काका. आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नाही." हे वाक्य त्याने आमच्या मेहुण्यांकडे बघून म्हटलं, कारण मेहुण्यांचा स्वभाव त्याने चेहऱ्यावरून ओळखला होता. मेहुणे विजेचं बिल शेवटच्या तारखेला दुपारी भरतात. त्यांनी वेगळाच मुद्दा काढला. पूर्वी हे कार्ड १० वर्षं चालायचं. ११ जुलै २०१६ पासून ते जन्मभरासाठी ग्राह्य धरतात. मेहुणे अडुसष्टचे. म्हणाले, "म्हणजे पंचविशीतल्या पोराला साठ वर्षं वापरायला मिळणार आणि मला फार तर वीस. पैसे मात्र दोघांना सारखेच?"

ही लस नाक्यावरच्या डॉक्टरकडे मिळत नाही. सरकारमान्य केंद्रं मोजकी, वारही ठरलेले. कुपी एकदा फोडली की तिच्यातले सगळे डोस काही तासांत संपवावे लागतात, म्हणून पुरेशी माणसं जमल्याशिवाय फोडत नाहीत. शेअर रिक्षा चौथं सीट भरल्याशिवाय सुटत नाही, तसंच. त्यामुळे बाकड्यावर बसलेला प्रत्येक जण दाराकडे डोळे लावून बसतो आणि नवा माणूस आत आला की अनोळखी असूनही त्याचं हसून स्वागत होतं.

रांगेत तीन जातीचे लोक असतात. जहाजावर जाणारी रत्नागिरी-गुहागरकडची पोरं, जी कानात हेडफोन घालून मान मागे टाकून झोपतात. त्यांना हे पोस्टातल्या कामाइतकं नित्याचं. आफ्रिकेत नोकरीवर निघालेले इंजिनियर, ज्यांच्या फायलीला लेबलं लावलेली असतात. आणि आम्ही पर्यटक, ज्यांच्याकडे पाण्याची बाटली, चिवडा आणि सतरा शंका असतात.

डॉक्टरीणबाई तरुण आणि घाईत होत्या. आमच्या बहिणीला त्यांनी विचारलं, "अंड्याची ऍलर्जी आहे का?"

"आम्ही अंडं खात नाही."

"ते नाही विचारलं. ऍलर्जी आहे का?"

"अहो, खाल्लंच नाही तर कळणार कसं?"

तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवून समजावलं की, ही लस कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भात वाढवतात, म्हणून विचारावं लागतं. बाकड्यावर शांतता पसरली. जहाजावरच्या एका पोरानेही हेडफोन काढला. बहिणीच्या चेहऱ्यावरून चातुर्मास, कुलदैवत आणि टूरचे भरलेले पैसे असे तिन्ही विचार एकामागून एक सरकत गेले. शेवटी तिने स्वतःच निकाल दिला, "औषधाला दोष नसतो." आणि बाही वर केली. मॅक्स थायलर यांना या लशीबद्दल १९५१ साली नोबेल मिळालं. आमच्या बहिणीची मान्यता मिळायला इतकी वर्षं गेली.

मग मेहुण्यांची पाळी. "अंड्याची ऍलर्जी?"

"छे, अजिबात नाही," मेहुणे ठणकावून म्हणाले.

बहिणीने मान वळवली. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झालेल्या बाईने नवऱ्याकडे असं बघितलं की डॉक्टरीणबाईंनी पुढचा प्रश्न स्वतःहून हळू आवाजात विचारला. तो वयाचा होता. साठीच्या पुढे या लशीचा गंभीर त्रास होण्याची शक्यता थोडी वाढते, म्हणून डॉक्टर तब्येत आणि प्रवास दोन्ही बघून ठरवतात. मेहुण्यांनी त्या क्षणी वय, तब्येत, जुने रिपोर्ट सगळं इतकं तपशीलवार सांगितलं की विषय अंड्यावरून पार निघून गेला. लस टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात, रिअ‍ॅक्शन येते का ते बघायला. मेहुण्यांना ती आली, लशीची नव्हे.

आता मलेरियाचं बघा. मसाई माराला जाणाऱ्या माणसाने खरं तर मलेरियाला जास्त घाबरायला हवं. नैरोबी शहर उंचावर आहे, तिथे धोका कमी. पण खाली उतरलात की डास आहेत आणि त्या डासांत मलेरियाही आहे. त्यावर लस घ्यावी लागत नाही, गोळ्या असतात. निघण्याआधी सुरू करायच्या, तिथे घ्यायच्या आणि परत आल्यावरही काही दिवस चालू ठेवायच्या. आमच्या ग्रुपात त्या किती जणांनी घेतल्या? टूर मॅनेजरने हात वर करायला सांगितले तेव्हा सगळ्यांनी छताच्या पंख्याकडे बघितलं. कारण उघड आहे. मलेरियाच्या गोळ्यांचं कार्ड नसतं. विमानतळावर कुठलाही साहेब "गोळी घेतली का?" असं विचारून जीभ बाहेर काढायला लावत नाही. ज्या रोगाला काउंटर नाही तो रोग आमच्या हिशेबात धरलेलाच नसतो. वर एक आजोबा म्हणाले, "डोंबिवलीच्या डासांत आयुष्य काढलंय. तिकडचे काय वाकडं करणार?" यावर टाळ्या पडल्या. मी ओडोमॉसच्या तीन ट्यूब घेतल्या आणि गप्प बसलो.

लस बाजूला आणि लशीचा कागद बाजूला, हे सर्वांत स्वच्छ दिसलं ते कोविडच्या काळात. २०२१ च्या सप्टेंबरात ब्रिटनने कोविशिल्ड मान्य लशींच्या यादीत घेतली. घेणारच, सूत्र ऑक्सफर्डचं, बनलेली पुण्याच्या सीरममध्ये. पण ती भारतात टोचून घेतली असेल तर प्रवाशाने १० दिवस घरात कोंडून राहायचं, कारण लशीवर विश्वास होता, प्रमाणपत्रावर नव्हता. मग आपणही ब्रिटिशांना तसंच कोंडायचा नियम काढला आणि ऑक्टोबरात प्रकरण मिटलं. मधल्या काळात कोविनच्या प्रमाणपत्रावर परदेशी जाणाऱ्यांसाठी पूर्ण जन्मतारीख छापायची सोयही झाली. हडपसरला तयार झालेली लस हडपसरलाच घेतलेल्या एका पुणेकराने त्या दिवसांत आपलं म्हणणं एका वाक्यात मांडलं होतं: "माल आमचा, शिक्का आमचा, आणि शंका ह्यांना!" मुंबईने तर याच्या आधीचं पर्वही पाहिलंय. १० जानेवारी १८९७ ला भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची आपली लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. त्यांना कुणी कार्ड दिल्याची नोंद नाही.

लशीत निदान सुई तरी टोचते. प्रवास विम्यात काहीच टोचत नाही, म्हणून तो कुणी वाचतही नाही. मेहुण्यांची पुढची टूर युरोपची. तिकडे जायचं तर शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं. त्यात तातडीचे उपचार, इस्पितळ आणि गरज पडल्यास माणसाला मायदेशी परत आणण्याचा खर्च धरलेला असतो. आजच्या भावाने ही रक्कम पंचवीस लाखांच्या वर जाते. मेहुण्यांनी आकडा ऐकला आणि भारावून गेले. "माझ्यावर एवढे? इथे मी धडधाकट असताना मला कुणी दुसरा चहा विचारत नाही."

एजंट फॉर्म घेऊन घरी आला. चांगला मुलगा, कामापुरतं बोलणारा. "काका, आधीपासूनचा काही आजार? बीपी? शुगर?"

"काही नाही."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "सकाळी कसल्या गोळ्या घेता मग?"

"ती बीपीची. पण गोळी चालू आहे ना, म्हणजे बीपी नॉर्मल आहे. नॉर्मल असलेला आजार कसा?"

"आणि शुगर?"

"शुगर बॉर्डरवर आहे."

मराठी माणसाची शुगर वर्षानुवर्षं बॉर्डरवर असते. ती कधी आत घुसत नाही आणि मागेही सरत नाही. एजंटने पेन टेबलावर ठेवून शांतपणे सांगितलं की, बॉर्डरवर असली तरी फॉर्मवर लिहायची. लिहिलीत तर कदाचित हप्ता वाढेल, कदाचित त्या आजाराचा खर्च पॉलिसी देणार नाही. लपवलीत आणि व्हिएन्नात चक्कर येऊन पडलात, तर तिथलं इस्पितळ पहिल्याच तपासणीत शोधून काढेल आणि मग अख्खा क्लेमच जाईल. हा सल्ला सोन्याचा आहे, असं माझं स्पष्ट मत. पण मेहुण्यांना त्यातलं "व्हिएन्नात पडलात" एवढंच ऐकू आलं. पुढे एजंटने जेव्हा मृतदेह परत आणण्याच्या खर्चाचं कलम वाचून दाखवलं तेव्हा बहिणीने त्याला थांबवलं. "शुभ बोल रे नाऱ्या! अजून बॅगा भरल्या नाहीत."

पॉलिसी खरोखर वाचणारा माणूस आमच्या सोसायटीत एकच: बँकेतून निवृत्त झालेले तिसऱ्या मजल्यावरचे साहेब. यांना आपण साहेबच म्हणू. छापील कागद दिसला की ते लाल पेन काढतात. पॉलिसीचं पुस्तक त्यांनी कट्ट्यावर आणलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की, यात माणसाच्या आयुष्यात जे काही वाईट घडू शकतं ते सगळं कुणीतरी बसून, थंड डोक्याने, कलमवार लिहून ठेवलेलं आहे. बॅग उशिरा आली तर इतके तास थांबा, मग टूथब्रश आणि कपड्यांचे पैसे. विमानाचं अपहरण झालं तर त्रासाबद्दल रोजचा भत्ता; म्हणजे अपहरणकर्ते जितके दिवस ठेवतील तितके दिवस. तुम्ही तिकडे असताना इकडे घर फोडलं तर त्याचं. चुकून तुमच्या हातून कुणाचं नुकसान झालं तर त्याचंही. काही पॉलिसीत एक कलम असं असतं की, गोल्फ खेळताना एकाच फटक्यात चेंडू भोकात गेला तर त्या आनंदाप्रीत्यर्थ मित्रांना दिलेल्या पार्टीचा खर्च कंपनी देईल. आमच्या ग्रुपातल्या कुणी गोल्फचं मैदान लोकलच्या खिडकीतूनही बघितलेलं नव्हतं. तरी मेहुण्यांनी विचारलं, "आणि कॅरममध्ये पहिल्याच फटक्यात राणी गेली तर?"

पण खरी मेजवानी होती अपघाताच्या तक्त्यात. अवयव गेला तर विम्याच्या रकमेतला किती वाटा मिळणार, याचा हा हिशेब. कंपनीगणिक थोडा फरक पडतो, पण जुन्या वळणाचा तक्ता साधारण असा. साहेबांनी तो स्वतःची बोटं एकेक उघडत वाचला. अंगठा, दोन्ही पेरं: २५ टक्के. एकच पेर: १०. तर्जनी पूर्ण: १० टक्के. मधलं बोट ६. अनामिका ५. करंगळी ४. पायाचा अंगठा ५, आणि पायाची बाकीची बोटं, एकाहून जास्त गेली तर, दर बोटामागे १ टक्का. कट्ट्यावरचा प्रत्येक जण गुपचूप आपापल्या करंगळीकडे बघू लागला. जन्मभर जिच्यात कधी अंगठी घातली नाही ती करंगळी चार टक्के! एका काकांनी शंका काढली की तबलजीची करंगळी आणि कॅशियरची करंगळी एकाच भावात कशी? साहेब म्हणाले, तक्त्यात कला हा रकाना नाही.

इथे इतिहासाचे निवृत्त शिक्षक पुढे सरसावले. "शाहिस्तेखानाला मिळाले असते का हो पैसे? १६६३, लाल महाल. परगावी मुक्काम, रात्रीची वेळ, बोटं गेली."

साहेबांनी पानं उलटली. आम्ही श्वास रोखून बसलो. "नाही," ते म्हणाले. "युद्ध आणि युद्धसदृश परिस्थितीतलं नुकसान वगळलेलं आहे. शिवाय तो दुसऱ्याच्या घरात परवानगीशिवाय राहत होता. क्लेम नामंजूर." कट्ट्यावर इतका आनंद झाला की पॉलिसीच्या बाजूने टाळ्या पडण्याचा तो बहुधा पहिलाच प्रसंग असावा.

वगळलेल्या गोष्टींची यादी मात्र शांतपणे, घरी बसून वाचावी. दारू पिऊन पडलात तर नाही. हौसेने दोरी बांधून कड्यावरून उडी मारलीत तर बहुतेक पॉलिसीत नाही, वेगळं संरक्षण घेतलं असेल तरच. डॉक्टरने "प्रवास करू नका" म्हटलेलं असताना गेलात तर नाही. पोलिसांकडे तक्रार नोंदवली नाही तर चोरीचे पैसे नाहीत. आमच्या आत्याही प्रवासाला निघालेल्याला अगदी हेच सगळं सांगायच्या: पिऊ नको, उंचावर जाऊ नको, तब्येत बघून जा, पैसे आतल्या खिशात ठेव. वर दही-साखर आणि एकशे एक रुपये हातावर द्यायच्या आणि त्यात पहिले इतके रुपये तुझे तू भर अशी अट नसायची.

सगळ्यांत स्वस्त विमा आपल्या रेल्वेचा. तिकीट ऑनलाइन काढताना एका चौकटीत खूण केली की माणशी ४५ पैशांत अपघाती मृत्यूसाठी १० लाखांचं संरक्षण. पंचवीस लाख ऐकून भारावणारे आमचे मेहुणे ती चौकट न चुकता रिकामी ठेवतात. "चाळीसगावला जायला कशाला?"

उलट्या बाजूनेही हा खेळ बघण्यासारखा असतो. आपण आफ्रिकेला जाताना जे करतो तेच आपल्याकडे येणारे करतात. ब्रिटनमधून भारतात यायचं तर हिपॅटायटिस ए, टायफॉइड या लशींचा विचार करा, नळाचं पाणी पिऊ नका, कापलेली फळं नकोत, बर्फ नको, असं तिथला डॉक्टर सांगतो. मँचेस्टरहून भाचा आणि त्याची गोरी बायको आली तेव्हा तिने हे सगळं पाळलं होतं. आजींना कळलं तेव्हा त्या दुखावल्या. "माझ्या घरी यायला सुया टोचून घ्याव्या लागतात?" नातसून सोललेलं खायला हरकत नाही म्हणून मुख्यतः केळी खायची. "केळ्यावर दिवस काढतेय बिचारी," आजी रोज सांगायच्या, आणि रोज नवीन फणी आणायला लावायच्या.

भाच्याने मात्र एकही लस घेतली नव्हती. "माझा जन्म ठाण्याचा," हे त्याचं प्रमाणपत्र. प्रवासाच्या वैद्यकशास्त्रात नातेवाइकांना भेटायला मायदेशी जाणाऱ्यांचा वेगळा गटच मानतात आणि तो जास्त धोक्याचा धरतात. हॉटेलात राहणारा पर्यटक घाबरून असतो. हा गडी घरचा म्हणून येतो, जास्त दिवस राहतो, दिसेल ते खातो आणि लहानपणी कमावलेली प्रतिकारशक्ती इतक्या वर्षांत कधीच आटून गेलीय हे त्याच्या गावी नसतं. तिसऱ्या संध्याकाळी भाचा नाक्यावर पाणीपुरी खाऊन आला. तिखट पाण्याचे दोन ग्लास वेगळे मागून प्यायला. चौथ्या सकाळी तो बाथरूममधून बाहेर यायचा तो फक्त पुन्हा आत जायला.

आमचे डॉक्टर खालच्याच मजल्यावर बसतात. त्यांनी पोट दाबून बघितलं, जीभ बघितली, गोळ्या आणि मीठ-साखरेचं पाणी लिहून दिलं. भाच्याने पाकीट काढलं.

"ठेव ते," डॉक्टर म्हणाले. "तुझ्या मामांकडून घेत नाही, तुझ्याकडून घेऊ?"

"काका, प्लीज घ्या. बिल पाहिजे. मी इन्शुरन्स काढलाय."

डॉक्टरांना ते पटेना. आपण पैसे नाही घेतले तर मुलाचं नुकसान होतं, ही गोष्ट त्यांच्या तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये प्रथमच घडत होती. शेवटी मुलाचं मन मोडू नये म्हणून त्यांनी लेटरहेड शोधलं, धूळ झटकून शिक्का काढला, त्यावर तोंडाने वाफ सोडली आणि तीनशे रुपयांचं बिल करून दिलं. भाचा ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून तडक तिसऱ्या मजल्यावर साहेबांकडे गेला.

साहेबांनी बिल बाजूला ठेवलं आणि आधी त्याची पॉलिसी मागितली. लाल पेनाने दोन ओळींखाली रेघ मारली, रुपयांचे पौंड केले आणि चष्मा काढला.

"पहिले शंभर पौंड तुझे तू भरायचे आहेत, बाळा. हे झाले तीन. क्लेम करायचा तर अजून सत्त्याण्णव पौंडांचं आजारी पडावं लागेल."